मारोतरावांची शुगर

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी राणीसावरगावला गेले होते. त्याला आज अकरा दिवस झाले, तरी धक्का गेलेला नाही... म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत आणि घरच्यांना विचारून लिहिलंय.

मी फार्मसी शिकले आणि परभणीत बसून एका हेल्थ प्लॅनसाठी केअर मॅनेजर म्हणून काम करते. सभासद आजारी असेल तर त्याचे डॉक्टर, टेस्ट, औषधं यांचा मेळ घालायचा. एका डॉक्टरांचं म्हणणं दुसऱ्यांपर्यंत न्यायचं, घरून रोजचे आकडे मागवायचे. माणसांपेक्षा आकड्यांवर माझा जास्त विश्वास आहे... होता.

मारोतराव बासष्ट वर्षांचे. मुलगा पुण्यात कंपनीत, त्याच्या प्लॅनमध्ये घरचे सगळे. मारोतरावांच्या पायाच्या अंगठ्याची जखम अडीच महिने भरत नव्हती.

शुगर मात्र उत्तम. सून अर्चना रोज सकाळी ग्लुकोमीटरचा फोटो पाठवायची. ८४, ८८, ८६... अलीकडे १०४, १०८. चौऱ्याहत्तर दिवसांत एक खाडा नाही. कधी उशीर झाला तर मी फोन करायचे आणि दहा मिनिटांत फोटो हजर.

तो आलेख मी दर आठवड्याला फिजिशियनना पाठवत होते. आकडे चांगले, म्हणून त्यांनी गोळ्या वाढवल्या नाहीत. सर्जन म्हणाले, शुगर एवढी ताब्यात असून जखम भरत नाही, म्हणजे रक्तपुरवठाच कमी असणार, अंगठा काढावा लागेल. ऑपरेशनची तारीख मीच घेऊन दिली.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट होती. ती आली १०.४. आमच्या आलेखावरून ती सहाच्या आत हवी होती. आधी वाटलं लॅबची चूक, मग वाटलं मशीनची... नवं मशीन घेऊन पहिल्या गाडीने गंगाखेड गाठलं आणि तिथून जीपने गाव.

मारोतराव ओसरीत बसले होते. सांगितल्याप्रमाणे चहासुद्धा घेतला नव्हता. मी बोट पुढे करायला सांगितलं, तर त्यांनी हात मागे घेतला.

“माझं कशाला? अर्चनाचं घ्या की. रोज तीच देती.”

मला अर्थ लागायला वेळ लागला. मी अर्चनाकडे पाहिलं. ती सासऱ्यांना मामा म्हणते.

“मामा बैलाला वेसण घालत्यात, पर सुई दिसली की उठून जात्यात,” ती म्हणाली. “फोटो न्हाई गेला की तुमचा फोन येतो, मागून पुण्याहून ह्यांचा. काय करावं मॅडम?”

मारोतराव शांतपणे म्हणाले, “एका चुलीवरचं खातो आमी. फरक काय पडायलाय?”

रागवायला तोंड नव्हतं माझ्याकडे. चौऱ्याहत्तर दिवस मी फोटो मागितला होता, बोट कोणाचं हे एकदाही विचारलं नव्हतं.

बरंच समजावल्यावर त्यांनी डोळे मिटून हात दिला. २८६.

मग मी अर्चनाचे हात पाहिले. बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके. आणि तेव्हा माझं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं... सहावा महिना.

उपाशीपोटी १०८ म्हणजे मारोतरावांच्या वयाच्या मधुमेही माणसासाठी छान. गरोदर बाईसाठी तोच आकडा धोक्याचा. तिसऱ्या महिन्यात तिची तपासणी झाली होती, तेव्हा काही नव्हतं. नंतर शुगर चढत गेली, ती माझ्या डोळ्यांसमोर. मी त्याच आकड्यांखाली ‘छान, असंच चालू ठेवा’ असं लिहून पाठवत होते... तिलाच.

तीही आमच्याच प्लॅनची सभासद. माझ्या फाईलमध्ये तिच्याबद्दल एकच ओळ होती, ‘सासऱ्यांचे आकडे पाठवते’.

त्याच ओसरीतून तीन फोन केले. फिजिशियन, सर्जन आणि परभणीतल्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ. तिघांनाही एकच वाक्य सांगावं लागलं, की मी पाठवलेला आलेख दुसऱ्याच माणसाचा होता. आवाज सरळ ठेवला.

ऑपरेशन पुढे ढकललं. औषधं बदलली. पायाचा रक्तपुरवठा तपासला, तो ठीक निघाला. काल ड्रेसिंगच्या वेळी सर्जन म्हणाले, जखमेच्या कडा भरायला लागल्यात, अंगठा बहुतेक वाचेल. ‘बहुतेक’ हा शब्द मी तसाच लिहून ठेवलाय.

अर्चनाची टेस्ट झाली. गरोदरपणातला मधुमेहच निघाला. खाणं बदललंय, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बाळाची वाढ सध्या ठीक आहे.

मारोतराव आता हात देतात, पण अट घालून... आधी अर्चनाने टोचून घ्यायचं, मग त्यांनी. तोंड दाराकडे करून.

आज सकाळी दोन फोटो आले. एकाखाली तिने लिहिलं होतं ‘मामा’, दुसऱ्याखाली ‘मी’.

चौऱ्याहत्तर दिवस दुसऱ्यासाठी टोचून घेतलेल्या त्या बोटांमुळेच तिचा आजार वेळेत सापडला, हे मला अजून पचत नाही. आज तिच्या नावाची वेगळी फाईल उघडली आणि पहिल्यांदा तिला विचारलं, तू कशी आहेस?