मायच्या पाठीवरचा डाग

ताईच्या उजव्या गालावर कोडाचा डाग उठला तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल. नवे पैसे सुरू झाले होते, तरी मायचं मोजमाप जुनंच. "चवलीएवढाच तं आहे," म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची.

घाटंजीच्या बाजारात एक परगावचा दवावाला राहुटी ठोकून बसे. पूर्ण इलाजाचं मोल तो आधीच घेई, पण साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडे, "गुण नाई आला तं मोल वापस!" मायने ताईच्या लग्नासाठी जपलेले चांदीचे तोडे त्याच्या हातावर ठेवले. डाग कोणाला आहे, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, "मले. पाठीवर."

घरी आल्यावर ताईने विचारलं, असं काहून सांगितलं?

"माह्यं काय, माह्यं तं लगन होऊन गेलं," माय म्हणाली.

कोडाची पोर घरात आहे हे एकदा बाजारात फुटलं, की स्थळं आमच्या गावची वाटच विसरतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. याला शहाणपण म्हणावं की वेडेपण, मला अजून ठरवता येत नाही.

दवावाल्याने दिलेला बावचीच्या बियांचा लेप लावून ताईने उन्हात बसायचं होतं. शेजारणींनी विचारलं की माय सांगे, "तूर राखून राह्यली." वाळवलेली तूर कणगीत गेली तरी ताईचं राखणं चालूच! गालावर फोड आले, फुटले, खपल्या धरल्या. खपल्या पडल्या तेव्हा डाग पहिल्यापेक्षा मोठा दिसत होता. त्या दिवशी ताई जेवली नाही.

अशात आर्णीकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगी पाहायला माणसं यायची होती आणि पोरीच्या पायांत घालायला तोडे नव्हते. म्हणून बाजारच्या दिवशी आम्ही तिघी राहुटीवर गेलो. माय, तोंडावरून पदर घेतलेली ताई आणि शेपटासारखी मी.

"गुण नाई आला. तोडे दे माहे वापस," माय म्हणाली.

"नाई आला? दाखव मंग."

मायने पदर पाठीवरून घट्ट ओढून घेतला. दवावाला मोठा बिलंदर. त्याने बायकोला हाक मारली, ती मायला राहुटीच्या आत घेऊन गेली. जराशाने पडदा सारून बाहेर आली आणि हसत म्हणाली, "पाठ एकदम साफ आहे जी. डागाचं नाव नाई."

झालं! दवावाल्याने हात उंच केले. "पाहा लोकहो, या बाईची पाठ पाहा! जुनं कोड, साफ!" माणसं जमली. त्यांत आमच्या गावचीही होती. दोघा-चौघांनी तर तिथेच औषधाची चौकशी सुरू केली. माय पोलक्याची बटणं लावत बाहेर आली. खरं बोलावं तर पोरगी उघडी पडते, न बोलावं तर तोडे जातात. तिने माझा हात धरला आणि खाली मान घालून निघाली.

ताई मात्र जागची हलली नाही. तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि उजवा गाल लोकांपुढे केला.

"मायच्या पाठीवर कधीच काही नव्हतं. कोड मले आहे. हे पाहा, तुमच्या दव्यानं वाढलं. माह्या मायचे तोडे द्या."

औषध विचारणारे पांगले. दवावाल्याने मुकाट्याने तोडे आणून दिले.

वाटेत माय एवढंच म्हणाली, "कायले बोलली, पोरी? राहू द्याचे होते तोडे." मग एका शेताच्या धुऱ्यावर बसून ती हुंदके देऊन रडली. ताई रडली नाही. मला त्या वयातही तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही अजून तसेच आहेत.

आर्णीची माणसं आलीच नाहीत. पुढेही ताईला पाहायला कोणी आलं नाही.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. जमलेल्या बायकांनी ताईला हळदीला हात लावू दिला नाही. मी संतापले, तर तिनेच मला गप्प केलं. सगळ्या मांडवात गेल्यावर ती माझ्या पायांशी बसली. चिंचेने घासून लख्ख केलेले तोडे तिने माझ्या पायांत चढवले आणि म्हणाली,

"सैल होऊन राह्यले का गं? मले बरोबर बसत होते."