मास्तर वरच्या मजल्यावर गेले

माझं चष्म्याचं दुकान आणि मास्तरांचं शिवणकामाचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. भिंत कसली, फळ्यांचा आडोसा! मास्तर नुसते खाकरले तरी मला कळतं. आणि माझं एखादं गिऱ्हाईक जवळचा चष्मा लावायला का-कू करायला लागलं, की मास्तर पलीकडून ओरडतात, "लावा हो, वय काय चष्म्याने वाढतं होय!"

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे. कोट शिवावा तर त्यांनीच, असं सगळा बाजार म्हणतो. चाळीस वर्षं एकाच स्टुलावर बसून काढलेली. त्यामुळे पाठीला थोडा बाक, पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं, आणि बोलणं तोंडातल्या टाचण्यांच्या मधून. सकाळी साडेसहालाच दुकान उघडायचे, कारण कापड बेतायला शांतता लागते म्हणे. दहाच्या सुमाराला वहिनी डबा घेऊन यायच्या आणि दुपारभर काजं-बटणं करत बसायच्या.

आमच्या दोन्ही दुकानांच्या वर एक लांबलचक हॉल आहे. त्याचा जिना मागच्या बोळातून. पूर्वी तिथे फर्निचरचं गोदाम होतं. एका तरुण मुलीने तो भाड्याने घेतला आणि सकाळचे व्यायामाचे वर्ग सुरू केले. पंधरा-वीस जणांनी एकत्र करायचा जोरकस व्यायाम. थोडा वेळ दमछाक, थोडा वेळ विश्रांती, पुन्हा दमछाक. तिच्या गळ्यात शिट्टी असायची, म्हणून मास्तर तिला शिट्टीवाली म्हणायचे. तिची शिट्टी वाजून वर उड्या सुरू झाल्या की मास्तरांच्या टेबलावरची खडूची डबी थरथरायची.

मग मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "वर माणसं मारायचा कारखाना निघालाय. विशीतल्या पोरांचे खेळ ते. चाळिशीनंतर अशा उड्या मारल्या की काळीज फाटलंच म्हणून समजा. गुडघ्यांच्या वाट्या तर आठ दिवसांत झिजतात. आणि बायका जातात त्यांचं काय होतं माहितीये? पैलवान होतात पैलवान! एकाही बाईला माझ्या बाह्या बसायच्या नाहीत."

वहिनी खाली मान घालून काजं करत राहायच्या. मला वाटायचं, नवऱ्याचं रोजचंच पुराण, बिचारी काय बोलणार?

एका सकाळी मास्तर एका व्हायोलिनवादकाच्या काळ्या कोटाला इस्त्री करत होते. वर धाडकन काहीतरी आदळलं आणि छताचा पोपडा सुटून थेट कोटाच्या कॉलरवर पडला. काळ्याभोर कापडावर पांढरा चुना. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. गळ्यात टेप, हातात कापड कापायची मोठी कात्री, अशा अवतारात ते जिना चढायला लागले. मी दुकान उघडंच टाकून मागे धावलो. कात्री घेऊन चाललेला माणूस एकटा सोडायचा नसतो.

त्यांनी दार ढकललं. आत पंधरा माणसं. कुणी लाकडी ठोकळ्यावर चढत-उतरत होतं, कुणी वाळूची पिशवी उचलत होतं. आणि दुसऱ्या रांगेत, सैल पायजमा आणि बूट घालून, घामाने निथळत, वहिनी!

शिट्टीवाली शिट्टी वाजवायची विसरली.

"तू?" मास्तर म्हणाले. "तू तर सकाळी फिरायला जातेस!"

"जातेच की. जिन्यापर्यंत चालत येते," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही आधी ती कात्री खाली ठेवा."

सगळा वर्ग हसला. मास्तर नाही हसले. कोट, चुना, तक्रार, सगळं विसरून ते आले तसे खाली उतरले. शिट्टीवाली तासाभराने स्वतः खाली आली, माफी मागितली, कोट ब्रशने झाडून दिला. पुढच्या आठवड्यात तिने वर जाड रबरी गाद्याही अंथरल्या. पण मास्तरांचं दुखणं वेगळंच होतं. दोन दिवस फळ्यांपलीकडून मशीनच्या आवाजाखेरीज काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात येऊन बसले.

"चार महिने जातेय," ते म्हणाले. "चार महिने! मला सांगावंसं वाटलं नाही तिला."

"मास्तर," मी म्हणालो, "ज्या गोष्टीची तुम्ही रोज गिऱ्हाइकांसमोर टर उडवता, ती गोष्ट त्या तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?"

ते काचेच्या कपाटातल्या फ्रेमी बघत बसले. मग उठून आपल्या दुकानात गेले. त्या दुपारी मला पलीकडचं बोलणं ऐकू आलं. खरं तर मी कान देऊनच बसलो होतो.

"गुडघे दुखत नाहीत तुझे?"

"आधी दुखायचे, म्हणून तर गेले. डॉक्टरांना विचारून गेले. पहिल्या दिवशी नुसतं खुर्चीवर बसायचं आणि उठायचं. दहा वेळा. बास. उड्या मी अजूनही मारत नाही. प्रत्येकाला झेपेल तेवढंच देते ती."

मग टेपची सळसळ ऐकू आली. मास्तरांनी मापाची वही काढून वहिनींच्या दंडाचं माप घेतलं. गेल्या वर्षीचंच निघालं. "आकार तोच आहे," मास्तर पुटपुटले, "नुसता टणक झालाय."

"कुठे गेला तुमचा पैलवान?" वहिनी म्हणाल्या, आणि दोघंही हसली.

त्यानंतर मास्तरांनी जाहीर केलं की तेही जाणार. पण लगेच नाही. आधी महिनाभर घरी थोडा दम कमवायचा, पोट जरा आत घ्यायचं आणि मगच लोकांसमोर उभं राहायचं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कोट शिवून झाल्यावर गिऱ्हाइकाचं माप घेणार तुम्ही?" मास्तर सोमवारीच वर गेले.

त्यांची रक्तदाबाची गोळी चालू होती, म्हणून शिट्टीवालीने त्यांना दारातूनच परत पाठवलं. आधी डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, हळूहळू सुरू करायला हरकत नाही. मास्तरांनी त्यातलं "हरकत नाही" तेवढं वाचलं. पहिल्याच वर्गात त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि बायकोच्या शेजारचा ठोकळा पकडला. बायको जितकी चढेल त्याच्या दुप्पट चढायचं! दुसऱ्याच फेरीत शिट्टीवाली जवळ आली.

"काका, काय शिवताय सध्या?"

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यातून फक्त हवा आली.

"दोन शब्द बोलता येत नाहीत म्हणजे आजच्यासाठी हे जास्त होतंय. इथे शर्यत नाहीये. त्यांचा जोर त्यांच्यापुरता, तुमचा तुमच्यापुरता. चला, खुर्ची घ्या."

खुर्ची घेतली, पण खुमखुमी गेली नाही. वहिनी आठवड्यातून तीनदा जायच्या, मास्तर सहाही दिवस जायला लागले. शिवाय दुकानात कापड बेतता बेतता उठाबशा. वर्ग संपला की लगेच वजनकाट्यावर उभे. एके दिवशी पाऊण किलो कमी भरलं तर बाजारभर सांगत सुटले, "घाम म्हणजे वितळलेली चरबी बरं का!" दोन ग्लास पाणी आणि चहा झाल्यावर पुन्हा काट्यावर चढले, तर पाऊण किलो जागच्या जागी. काटा बिघडलाय म्हणून त्यांनी शिट्टीवालीकडे तक्रारसुद्धा केली.

शनिवारी व्हायचं तेच झालं. मास्तर जिना उलटे उतरले, कठड्याला धरून, एकेक पायरी. मशीनचं पायडल दाबवेना. खाली पडलेली टाचणी मी जाऊन उचलून दिली. तरी तोरा कायम. "दुखतंय म्हणजे लागू पडतंय!"

शिट्टीवालीने हे ऐकलं आणि ती दुकानात येऊन समोरच्या बाकावर बसली.

"काका, सहा दिवस यायला मी कधी सांगितलं?"

"जास्त केलं की लवकर फळ."

"व्यायामाने शरीर थकतं. ते सावरतं, मजबूत होतं, ते विश्रांतीत. तुम्ही सावरायला वेळच देत नाही. थोडं अंग दुखणं ठीक आहे, पण जिना उलटा उतरायला लागला म्हणजे अति झालं. चार दिवस सुट्टी. हवं तर सावकाश फिरायला जा. मग आठवड्यातून तीनदा, त्यापेक्षा एक दिवसही जास्त नाही."

"अति तिथे माती," वहिनी सुई ओवता ओवता म्हणाल्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

ते मात्र त्यांनी पाळलं. चार महिने झाले, पाच झाले. कंबर एकाच इंचाने उतरली, पोट अजून टेबलाला टेकतंच. पण पँटची उंची घ्यायला ते खाली बसतात आणि कशाला न धरता उठतात. पूर्वी उठताना गिऱ्हाइकाचीच मांडी धरायचे, हे आता मास्तर स्वतःच हसून सांगतात.

गेल्या रविवारी वर्गातली सगळी मंडळी गावाबाहेरच्या टेकडीवर गेली. तिला चारशेच्या वर पायऱ्या आहेत. ही हकिगत वहिनींनी मला सोमवारी सांगितली. लग्न झाल्यापासून त्यांना ती टेकडी चढायची होती आणि मास्तर दर वेळी म्हणायचे, "वर काय ठेवलंय? खालून दिसते तेवढी पुरे."

अर्ध्या वाटेवर मास्तर थांबले. तरुण मुलं भराभर पुढे निघून गेली. मास्तर एका कट्ट्यावर बसले, पाणी प्यायले, श्वास जागेवर येऊ दिला. वहिनी म्हणाल्या, "मी थांबते." मास्तर म्हणाले, "तू हो पुढे. तुझा जोर तुझ्यापुरता. मी येतो माझ्या चालीने."

वहिनी पुढे गेल्या. वर पोहोचून कठड्याशी उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटांनी मास्तर आले, टोपीने वारा घेत. खाली सगळं गाव पसरलेलं, नदीचं वळण, पलीकडे बारीक बारीक शेतं. दोघं शेजारी उभी राहिली.

"मग?" वहिनींनी विचारलं. "काय ठेवलंय वर?"

"पुष्कळ आहे की," मास्तर म्हणाले. "जरा बसू या. उतरायची घाई नाहीये."