अर्धी दाढी

गिऱ्हाइकांनी त्याचं नाव ठेवलं होतं कादंबरीकार. धंदा केस कापायचा. पण आरशाखालच्या खणात, वस्तऱ्याच्या पात्यांना खेटून, चार वह्या. सात वर्षं तो एक कादंबरी लिहीत होता आणि तिच्यातलं निम्मं बोलणं गिऱ्हाइकांचं होतं. गळ्याशी वस्तरा असला की माणूस फारसं खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. कुणी काही झकास बोललं की "एक मिनिट हं" म्हणून स्वारी खणाकडे. लोकांनाही गंमत वाटायची. शेजारचा शिंपी तर दोन-तीन वाक्यं पाठ करूनच दाढीला यायचा.

एका सकाळी थोरला भाऊ येऊन बसला. दादा घड्याळं दुरुस्त करायचा आणि मुळातच मोजकं बोलायचा. वहिनी जाऊन महिना झाला होता. त्या महिन्यात तर त्यानं कुणापाशीच तोंड उघडलं नव्हतं. उजवा गाल झाला तेव्हा आरशाकडे न बघता तो म्हणाला, "तिच्या चपला दारातून उचलल्या रे. तरी मी अजून पाय चुकवूनच आत जातो."

"वा!" कादंबरीकार म्हणाला. "एक मिनिट हं."

वाक्य लिहून, खाली रेघ मारून तो वळला, तर खुर्ची रिकामी. डाव्या गालावर फेस तसाच घेऊन दादा भर बाजारातून निघून गेला होता.

त्याच दिवशी कादंबरीकारानं चारही वह्या बायकोच्या हातात ठेवल्या. "सहा महिने कादंबरी बंद. आता नुसतं माणसांकडे बघायचं, ऐकायचं. मागितल्या तरी देऊ नकोस."

"आणि पाया पडलात तर?"

"तरी नाही."

"मग मजा आहे माझी," ती म्हणाली आणि वह्या पिठाच्या डब्यामागे गेल्या.

ठरवणं सोपं होतं, पण हाताला कोण सांगणार? कुणी जरा बरं बोललं की हात शिवशिवायचा. एकदा तर तो शिंप्याच्या गालावरच्या फेसात बोटानं लिहायला लागला.

"मला पुस्तकात मारलंस की काय?" शिंप्यानं विचारलं. "हल्ली काही टिपून घेत नाहीस ते?"

"जिवंत आहेस. बस गप्प."

वह्यांची आठवण यायची ती अशी, भुकेसारखी, ठरल्या वेळेला. पण दादाची आठवण वेळ बघत नव्हती. दादा दुकानाकडे फिरकलाच नाही. एकदा पावाच्या रांगेत पाठमोरा दिसला आणि कादंबरीकाराची नजर थेट त्याच्या मानेवर गेली. मानेवरची कात्री दुसऱ्या कुणाची तरी होती. डावीकडची रेघ बोटभर वर गेलेली. त्याला स्वतःला मिसरूड फुटल्यापासून दादाच्या त्या मानेला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी तो दादाच्या दुकानात गेला. दादानं डोळ्याचं भिंग न काढताच विचारलं, "वही आणलीस?"

"नाही."

"पेन्सिल?"

त्यानं खिसे उलटे करून दाखवले. एक कंगवा, एक कात्री आणि दाढीच्या साबणाचा चुरा.

"बस मग," दादा म्हणाला. दुपारपर्यंत दोघं घड्याळांची टिकटिक ऐकत बसले. पुढच्या सुट्टीला तेच. त्याच्या पुढच्याही. चौथ्यांदा मात्र दादानं भिंग उतरवलं, कॉलर खाली केली आणि पाठ फिरवली.

"जरा नीट कर हे. त्या बाबानं नांगर फिरवलाय."

कादंबरीकारानं कात्री काढली. मान जरा पुढे वाकवली. तीन-चार बटा खाली पडल्या आणि दादा बोलायला लागला. वहिनीबद्दलच. सावकाश, मध्येच थांबत, आणि एक वाक्य तर असं आलं की सात वर्षांत खणात तसलं एकही जमा झालं नव्हतं. कात्री थांबली. कंगव्याचं टोक मानेवर आपोआप हललं.

"लिहितोयस?" दादानं विचारलं.

"छे. केस झटकतोय."

"खोटारड्या," दादा म्हणाला, आणि मान तशीच वाकवून पुढचं सांगू लागला.