समाजशास्त्र शिकलेली माझी बहीण

बस करा आता, काका! "पोरीला समाजशास्त्र शिकवून काय मिळणार?" हे फॅमिली ग्रुपवर अजून किती वर्षं ऐकायचं?

मी सातवी नापास, मस्कतला एसी बसवतोय. पण आज व्हिडिओ कॉलवर आपल्या राई गावातली पालिकेची मीटिंग बघितली. मासे विकणाऱ्या बायकांना रस्त्यावरून उठवून मंडईच्या वरच्या मजल्यावर बसवणार होते. त्यात आमची आईपण.

पालिकेचे साहेब बोलले, "लिफ्ट आहे ना."

आई बोलली, "बोंबलासाठी लिफ्टच्या लायनीत कोन उभा ऱ्हाईल?"

मग बहीण उठली. "सर, मी गिऱ्हाइकांना विचारत फिरलेय. कामावरून येणारी बाई, मासे वाटेत दिसले तरच घेते."

साहेबांनी तिथल्या तिथे तळमजला मंजूर केला.

माणसं अशी का वागतात, हेच शिकते ती. सांगा आता, शिक्षण फुकट गेलं? एमएच्या फीसाठी आज वीस हजार पाठवतोय.