गॅस म्हणजे काय

नव्वदच्या दशकात आमच्या सिडकोतल्या घरी गॅस दुरुस्तीला नेहमी एकच मेकॅनिक यायचे. बोलणं दिंडोरीकडचं, खिशात साबणाची डबी. नळीला फेस लावायचे आणि बुडबुडा येतो का, ते श्वास रोखून बघत बसायचे. निघताना म्हणायचे, "लय जपा, मॅडम."

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात गॅसचा वास सुटला होता. ते आले, तसा मी सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी झटकन माझं मनगट धरलं. मनगट थरथरत होतं. रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून आम्ही जिन्यात बसलो.

मी इंग्रजीची शिक्षिका; घाबरले की शिकवायला लागते. म्हटलं, "आपण शेगडीलाही गॅस म्हणतो नि सिलिंडरलाही. पण हा शब्द एका शास्त्रज्ञाने जुन्या ग्रीक शब्दावरून घडवला. जगाला आकार येण्याआधीचा गोंधळ, असा त्याचा अर्थ."

ते म्हणाले, "म्हंजे नाव ठेवणारा बी भ्यायलाच व्हता."

आत जाऊन त्यांनी नळी बदलली, फेस लावला. बुडबुडा नव्हता. तरी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना डबी हातातून निसटली, आणि मला कळलं, मघाशी मनगटावरची ती थरथर माझी नव्हती.