दर्शनाच्या हळदीतली आरोळी

हसायचं तर हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण शीव कोळीवाड्यात मी जी माती खाल्ली ना, तशी आमच्या नायगावात आजवर कुणी खाल्ली नसेल!

ऑफिसातल्या दर्शनाची हळद होती. अंगणात मांडव, पाटावर दर्शना, शेजारी तिची आई. तिची आत्या गायला बसली. पहिली ओळ ऐकली आणि मी उडालोच. अरे, हे तर आपलं गाणं! मिरवणुकीत, रीलवर, डीजेवर वाजतं तेच! आमच्या चाळीतलं शेंबडं पोरही त्यावर नाचतं.

फक्त आत्या फारच हळू म्हणत होत्या. मला वाटलं, वय झालं, दम लागत असेल. आपण नको का मदत करायला?

"आत्या, जरा फास्ट घ्या ना!" म्हणत मी रुमाल फिरवत मधे घुसलो.

कुणी उठेना. लाजतायत, दुसरं काय! मी अजून जोरात नाचलो. आता, त्या डीजेवाल्या गाण्यात एक जागा आहे. ढोल थांबतो आणि सगळे ओरडतात. ती जागा आली. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हुर्र्र्र!"

गाणं थांबलं. दर्शनाच्या आईनं पदर तोंडाला लावला.

"विक्या, बस खाली," दर्शना हळूच म्हणाली. "हे नाचायचं गाणं नाहीये रे. घरातली जी माणसं गेली, त्यांना यात लग्नाचं आवतण देतात. तू ओरडलास ना, तिथे आत्या बाबांचं नाव घेत होती."

तिचे बाबा ती शाळेत असताना गेले, हे मला माहीत होतं. पण डीजेच्या गाण्यात नावं होतीच कुठे? ती काढून तिथे आरोळी भरली होती, आणि मी तिलाच गाणं समजत होतो.

"आत्या, चुकलं माझं. निघतो मी."

"निघतोस कुठं? आवतण अर्धं राहिलंय." आत्यांनी हाताला धरून मला शेजारी बसवलं. "पहिल्यापासून घेते. त्या जागेवर मी थांबेन. तुझा आवाज मोठा आहे, तर आता तूच नाव घे माझ्या भावाचं. लांबवर ऐकू जाईल."

गाणं पुन्हा सुरू झालं. ती जागा आली. आत्या थांबल्या. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

अख्खं गाणं तोंडपाठ होतं हो मला! नाव तेवढं दर्शनाच्या आईला, कानाशी वाकून, विचारावं लागलं.