रतनबाईंनी सोडलेली मासळी

बोर्लीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून रतनबाईंना सांगितलं, "आजी, साखर खूप वाढलीय. भात कमी करा. कोळीवाड्यातल्या ना तुम्ही? मग मासे भरपूर खा."

सोबत आलेली सून प्राची म्हणाली, "आई मासळी खात न्हाय, डॉक्टर."

जन्मभर मासळी विकलेल्या रतनबाईंनी, मुलगा विनेश वादळात होडीवरून पडला आणि सापडलाच नाही, त्या वर्षी मासळी सोडली होती. कुणी कारण विचारलं तर "मन न्हाय होत" एवढंच म्हणायच्या. तेव्हापासून त्या वरणभात आणि बटाट्याच्या भाजीवर होत्या.

आता भातही सुटला. प्राची मोडाच्या मुगाची उसळ आणि नाचणीची भाकरी करून वाढायची, पण रतनबाईंना घास गिळवत नसे. त्या वाळत चालल्या. शेवटी प्राची बांगड्याची वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसली.

"आई, औषध म्हनून तरी घ्या."

रतनबाईंनी वाटी हळूच बाजूला सारली. "त्याला दर्यात कोनी खाल्लं, मला ठाव न्हाय गो. कुठला मासा तोंडात घालू?"

प्राची त्याची बायको. तिच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. ती तोंडाला पदर लावून रडू लागली. रतनबाईंनी तिला जवळ घेतलं. "तू खा गो. मी बोलाय नको होतं."

हळूहळू भाकरी अंगवळणी पडली, साखरही थोडी उतरली. पण प्राचीनं घरात पुन्हा मासळी शिजवली नाही.